सॅडल शिखराच्या वाटेवर

अंदमान हे नाव मराठी मुलांच्या कानांवर प्रथम पडते ते 'काळे पाणी' या भयंकर शब्दांबरोबर. १९०६ साली बांधून पुरा झालेला तेथील सेल्युलर तुरुंग, त्याच्या अरुंद कोठड्या आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ पासून १९२१ पर्यंत तेथे भोगलेला बंदिवास यांची हकीकत आपण इतिहासात वाचतो. परंतु एका तुरुंगात अंदमान सामावत नाही. बंगालच्या उपसागरात दक्षिणोत्तर पसरलेली ती शेकडो हिरव्यागार बेटांची माळ आहे. म्यानमारमधील आराकान योमा ही पर्वतरांग दक्षिणेकडे समुद्रात बुडाली आहे. तिची जी शिखरे पाण्याच्या वर राहिली, तीच ही बेटे होत. अंदमानच्या किनाऱ्यावर उभा असलेला मनुष्य वास्तविक एका बुडालेल्या पर्वताच्या खांद्यावर उभा असतो.

या बुडालेल्या पर्वताचा सर्वांत उंच माथा उत्तर अंदमान बेटावर आहे. त्याला सॅडल शिखर म्हणतात. त्याची उंची ७३२ मीटर. एका दिवाळीच्या सुटीत साताऱ्याचे एक शिक्षक व त्यांची पत्नी हे शिखर चढावयास गेली होती. त्या एका दिवसाची ही हकीकत आहे.

हे शिक्षक गेली वीस वर्षे भूगोल शिकवीत होते. पत्नी मुलींच्या शाळेत शिकवीत असे. गावात सर्वजण त्यांना 'गुरुजी' आणि 'बाई' या नावांनीच ओळखीत. गुरुजी सह्याद्रीत वाढलेले. दर रविवारी पहाटे अजिंक्यतारा चढून यावयाचा, हा त्यांचा नेम होता. बाईंचे माहेर कोकणात, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा गावी. भरती-ओहोटी पाहतच त्या मोठ्या झाल्या होत्या. प्रवासाला निघाल्या की त्यांच्या पिशवीत एक लहान वही असे. सूर्य केव्हा उगवला, केव्हा मावळला, भरती कोणत्या वेळी आली, बाजारात नारळ काय भावाने मिळाला, असे सारे त्या रोज रात्री वहीत टिपून ठेवीत. गुरुजी हसून म्हणत, "तुझी वही म्हणजे तलाठ्याचे दप्तर आहे!" बाई त्यावर काही बोलत नसत, पेन्सिलीला टोक मात्र करून ठेवीत.

चेन्नईहून विमानाने ती दोघे पोर्ट ब्लेअरला उतरली. या शहराचे नाव २०२४ साली 'श्री विजयपुरम' असे करण्यात आले. तेथे सेल्युलर तुरुंगाचे दर्शन घेऊन ती उत्तरेकडे डिगलीपूरला आणि तेथून कालीपूर या किनाऱ्यावरच्या गावी आली. बेट त्यांना नवे होते; परंतु भाषेची अडचण पडली नाही. या बेटांवर निरनिराळ्या प्रांतांतून लोक येऊन राहिले आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची खेडी येथे आहेत. त्यांच्याही पूर्वी छोटा नागपूरमधून जंगलाच्या कामासाठी आणलेल्या आदिवासी मजुरांचे वंशजही येथे आहेत. त्यांना बेटावर 'रांची' म्हणूनच ओळखतात. हे सारे एकमेकांशी हिंदीत बोलतात. गुरुजींना मिळालेला वाटाड्या असाच एक रांची गृहस्थ होता. वय पन्नाशीच्या घरात, अंगाने सडपातळ, बोलणे मोजके.

आदल्या संध्याकाळी कालीपूरच्या वाळूत उभे राहून गुरुजींनी शिखराकडे पाहिले. माथा ढगात होता. "सातशे बत्तीस मीटर!" ते म्हणाले. "अगं, आपले सातारा शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे. आणि कळसूबाई १६४६ मीटर. ती मी दोनदा चढलो आहे. हे शिखर तिच्या निम्मेही नाही."

"पण साताऱ्यात आपण राहतो," बाई म्हणाल्या, "इथे पाय भिजवून चढायला लागायचे आहे."

वाटाड्या जवळच उभा होता. मराठी त्याला कळत नव्हते. पण मास्टरजी शिखर लहान आहे असे म्हणत आहेत, एवढे त्याने ओळखले असावे. तो आपल्या हिंदीत म्हणाला, "मास्टरजी, एक गोष्ट आताच ठरवू या. उद्या दुपारी एक वाजता आपण जिथे असू तिथून मागे फिरायचे. शिखर समोर दिसत असले तरी मागे फिरायचे."

"कबूल!" गुरुजी म्हणाले. आदल्या दिवशी असे शब्द सहज देता येतात.

पहाटे साडेपाचला निघावयाचे ठरले होते. पण बस उशिरा आली. हे शिखर राष्ट्रीय उद्यानात आहे. त्यामुळे वनखात्याच्या चौकीवर नावे लिहून परवानगी घ्यावी लागली. तिघांची पावले प्रत्यक्ष वाटेला लागली, तेव्हा सव्वाआठ झाले होते. शिखरापर्यंतची वाट सुमारे आठ किलोमीटरची. तिचा पहिला भाग किनाऱ्याच्या कडेने जातो. समुद्राला ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर चालणे सोपे होते. उजव्या हाताला अरण्याची भिंत, डाव्या हाताला हिरवे-निळे पाणी. ओढे समुद्राला मिळत तेथे मात्र वाटाड्या थांबे, पाण्याकडे निरखून पाही आणि मग पाय घाली. या बेटांच्या खाड्यांतून खाऱ्या पाण्यातील मोठ्या मगरी असतात. "अंदमानच्या जंगलात वाघ नाही, बिबट्या नाही," तो म्हणाला. "पाण्याच्या तोंडाशी मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात."

वाघ का नाही, हे गुरुजींनी बाईंना समजावून सांगितले. ही बेटे मुख्य भूमीपासून समुद्राने दूर तोडलेली आहेत. उडणारे पक्षी येथे आले, लाकडावर तरंगत लहान प्राणी आले. पण मोठ्या श्वापदांना एवढा समुद्र ओलांडता आला नाही. म्हणून येथील रानातला मूळचा मोठा प्राणी म्हणजे रानडुक्कर. बोलता बोलता वेळ कसा गेला हे कळले नाही. पावणेदहाला वाटेने समुद्राची साथ सोडली आणि ती अरण्यात शिरली.

उन्हातून देवळाच्या गाभाऱ्यात जावे, तसे वाटले. वर आकाश नव्हते. पानांचे छत होते. अंदमानात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे भारतात प्रथम येथेच पोहोचतात, आणि ते परतल्यावर ईशान्येचे वारे डिसेंबरपर्यंत सरी आणीत राहतात. ऊन आणि पाऊस या दोहोंची अशी चंगळ असल्यामुळे येथे वर्षावन वाढले आहे. वर्षावनात झाडांचे मजले असतात. सर्वांत वर गर्जन वृक्षांचे सरळ, उंच बुंधे. त्यांच्याखाली इतर वृक्षांचे दाट छत. त्याखाली सावलीत वाढणारी लहान झाडे, आणि जमिनीवर नेचे व शेवाळ. खाली पोहोचणारा सूर्यप्रकाश इतका थोडा की तो मिळविण्यासाठी प्रत्येक वनस्पतीची धडपड चाललेली असते. वेत आपल्या आकड्यांनी दुसऱ्या झाडांना धरून वर चढतो. आमरीची फुलझाडे तर जमिनीचा नादच सोडून फांद्यांवर बसतात.

एका प्रचंड वृक्षाच्या बुंध्यापासून फळ्यांसारखी रुंद मुळे चहूकडे पसरली होती. गुरुजी त्यांपैकी दोन मुळांच्या मध्ये उभे राहिले, तर त्यांची टोपीही दिसेना. "हा एवढा मोठा वृक्ष आणि मुळे वरवर का?" बाईंनी विचारले. कारण असे, की या अरण्यातील सुपीक माती फार खोल नसते. पडलेली पाने उष्ण-दमट हवेत थोड्याच दिवसांत कुजतात आणि त्यांतील सत्त्व वरच्या थरातली मुळे लगेच शोषून घेतात. म्हणून मुळे खोल जाण्याऐवजी पसरतात, आणि उंच बुंध्याला तोल मिळावा म्हणून फळ्यांचा आधार उभा राहतो. जंगल तोडले, की पावसात हा पातळ थर वाहून जातो. मग मागे उरते ती उघडी, निकस जमीन.

कोठेतरी ठक् ठक् असा आवाज झाला. वाटाड्याने बोट दाखविले. कोळशासारखा काळा आणि डोक्यावर लाल तुरा असलेला एक मोठा सुतारपक्षी वाळलेल्या खोडाला चिकटला होता. हा अंदमानी सुतारपक्षी. याचे घर या बेटांबाहेर नाही. बाईंनी वही काढली.

येथपर्यंत सर्व आनंदाचे होते. साडेदहानंतर चढ लागला. हा चढ सह्याद्रीतल्या चढासारखा नव्हता. सह्याद्रीत पायाखाली खडक असतो आणि अंगावर वारा असतो. येथे पायाखाली ओली मुळे, शेवाळलेले दगड आणि कुजका पाला; वाऱ्याचे तर नाव नाही. अंगातून घाम वाहत होता, पण वाळत नव्हता. घाम वाळला तरच शरीर थंड होते. हवा बाष्पाने भरलेली असली, की घाम नुसताच वाहतो. तहान वाढते आणि थंडावा मिळत नाही. पाच पावलांना गुरुजींचा श्वास फुलू लागला. कळसूबाईची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

साडेअकराला पावसाची सर आली. पाण्याचा आवाज आधी वरच्या पानांत झाला, आणि खाली थेंब पडावयास थोडा वेळ लागला. मग मात्र साऱ्या पानांतून पाणी गळू लागले. वाटेचा ओहोळ झाला. पायांना जळवा लागल्या. वाटाड्याने कनवटीची मिठाची पुरचुंडी सोडली. चिमूटभर मीठ लावताच जळू गळून पडे. पण एक काढावी तोवर दुसरी चढलेली असे. बाई एकदा घसरल्या आणि वेताला हात लावताच त्यांचा तळवा काट्यांनी फाटला. त्यांनी तो पावसाच्या पाण्याखाली धरला, रुमाल गुंडाळला आणि त्या पुढे चालू लागल्या.

चढत चढत तिघे एका लहानशा मोकळ्या जागी आली. झाडे येथे ठेंगणी झाली होती. खोडांवर हिरवे शेवाळ लोंबत होते. समोर ढगातून शिखराचा काळसर उंचवटा क्षणभर दिसला आणि पुन्हा झाकला गेला. वाटाड्या थांबला. त्याने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. तो काही बोलला नाही.

गुरुजींनी घड्याळ पाहिले. एक वाजून दहा मिनिटे झाली होती.

"आता किती राहिले?" त्यांनी विचारले.

"पाऊण तास. या पावसात एक तास," वाटाड्या म्हणाला.

"एवढेच ना? मग आता मागे फिरणे म्हणजे काठावर येऊन बुडणे आहे. एक तास वर, आणि मग उतार. उतरायला चढण्याइतका वेळ लागत नाही. उजेड अजून पुष्कळ आहे."

वाटाड्याने बाईंकडे पाहिले. तो पैसे घेऊन वाट दाखविणारा मनुष्य. मास्टरजींना नाही कसे म्हणावे, हा त्याला प्रश्न पडला असावा.

गुरुजींच्या मनात काय चालले होते, हे बाईंना ठाऊक होते. शाळा सुटण्याच्या दिवशी सातवीच्या वर्गाने त्यांना घेरले होते. "गुरुजी, शिखरावरून काय दिसते ते आल्यावर सांगा!" आणि गुरुजींनी तसे वचन दिले होते. वीस वर्षे नकाशावर बोट ठेवून दाखविलेले ते ठिकाण आता केवळ एका तासावर आले होते. असे वचन मोडणे त्यांना किती जड जाईल, हे बाई जाणून होत्या. म्हणून त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी केवळ विचारले, "अहो, सूर्य केव्हा मावळतो?"

"सहाला," गुरुजी म्हणाले.

"कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"साताऱ्याचा की इथला?"

गुरुजी काही बोलावयास गेले आणि थांबले. बाईंनी मेणकापडात गुंडाळलेली वही काढली, आणि पावसाकडे पाठ करून त्यांनी वाचले : "काल. सव्वाचार वाजता किनाऱ्यावर डोंगराची सावली पडली. पाचाला दहा मिनिटे कमी असताना सूर्यास्त. सव्वापाचला वाटेवरचा मनुष्य ओळखता येईना. पूर्ण भरती सुमारे साडेचारला." मग त्या म्हणाल्या, "भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. म्हणजे आज पाणी सव्वापाचच्या सुमारास भरेल. सकाळची वाळू संध्याकाळी सापडायची नाही."

त्या मोकळ्या जागेत पावसाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. गुरुजींच्या डोळ्यांसमोर वर्गातला फळा उभा राहिला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणून एका अंशाला ४ मिनिटे. सातारा ७४ पूर्व रेखांशाजवळ. उत्तर अंदमान ९३ पूर्व रेखांशाजवळ. अंतर १९ अंश. एकोणीस चोक शहात्तर. सव्वा तास! साऱ्या भारताचे घड्याळ ८२ अंश ३० मिनिटे या एकाच रेखांशावर लावलेले आहे; पण सूर्य काही ते घड्याळ पाहून चालत नाही. तो पूर्वेकडच्या अंदमानात आधी उगवतो आणि आधी मावळतो. हे गणित त्यांनी दरवर्षी मुलांकडून घोकून घेतले होते. न सोडविणाऱ्यांना बाकावर उभे केले होते. बोटीत शेजारच्या प्रवाशाला येथे लवकर अंधार का पडतो, हेही त्यांनीच ऐटीत समजावून दिले होते. आणि स्वतःच्या जिवाचा हिशेब करताना मात्र त्यांच्या तोंडून साताऱ्याचा सूर्यास्त निघाला होता!

आणखी दोन गोष्टी त्यांना आठवल्या. शिखर पश्चिमेला आणि वाट पूर्वेच्या उतारावर. म्हणजे सूर्य मावळण्यापूर्वीच ही बाजू डोंगराच्या सावलीत जाणार. शिवाय विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. म्हणून तेथील संधिप्रकाश थोडा वेळच टिकतो. आताच मागे वळले तरी खाली पोहोचेपर्यंत दिवस संपणार होता. वर गेले असते, तर या मुळांवरून आणि दगडांवरून काळोखात उतरावे लागले असते. आणि तिघांत मिळून विजेरी एकच होती.

त्यांनी ढगात लपलेल्या माथ्याकडे एकवार पाहिले. मग ते वाटाड्याला म्हणाले, "चला दादा, परत फिरू. ठरले होते तसे."

वाटाड्याने पिशवी उचलली. "शिखर कुठे जात नाही, मास्टरजी," तो म्हणाला.

उतरताना वेळ कमी लागेल, हा गुरुजींचा अंदाजही चुकला. चढताना छाती दुखते, उतरताना गुडघे. ओल्या मुळावरून गुरुजींचा पाय सटकला आणि त्यांचा उजवा गुडघा मुरगळला. बाईंनी आपली ओढणी फाडून तो घट्ट बांधला. वाटाड्याने वाळलेल्या फांदीची काठी करून दिली. सकाळी घोट्याइतका असलेला ओढा आता गुडघ्यापर्यंत चढला होता आणि त्याचे पाणी मातकट झाले होते. गुरुजी अरुंद जागेवरून उडी मारू पाहत होते. वाटाड्याने त्यांना अडविले. अरुंद जागी पाणी खोल आणि जोराचे असते. रुंद जागी ते पसरते व त्याचा जोर कमी होतो. तो काठाने वर गेला, रुंद पात्र शोधले आणि काठीने तळ चाचपीत पुढे झाला. तिघांनी एकमेकांची मनगटे धरली. एकाने पाऊल टाकावयाचे, तेव्हा इतर दोघांनी स्थिर उभे राहावयाचे. अशा रीतीने ती पार झाली. पलीकडे पोहोचल्यावर गुरुजींनी बाईंचे मनगट बराच वेळ सोडले नाही.

समुद्र दिसला तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. सकाळची रुंद वाळू नाहीशी झाली होती. लाटा झाडांच्या मुळांना लागत होत्या. वाट आता खडकांवरून आणि केवड्याच्या जाळ्यांतून काढावी लागली. पाचाच्या आधीच सूर्य मावळला. पाहता पाहता पाण्याचा रंग गेला, मग झाडांचा, मग वाटेचा. शेवटचा पल्ला त्यांनी वाटाड्याच्या विजेरीच्या वर्तुळात एकामागून एक पावले टाकीत काटला. वनखात्याच्या चौकीवरचा दिवा दिसला, तेव्हा गुरुजींच्या घड्याळात पाच वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. साताऱ्यात त्या वेळी मुले मैदानावर उन्हात खेळत असतील.

चौकीवरच्या शिपायाने तिघांच्या नावांपुढे परत आल्याची खूण केली आणि चहा पुढे केला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग गुरुजी म्हणाले, "एक तास वर गेलो असतो, तर या वेळी त्या ओढ्याच्या अलीकडे असतो."

"ओढ्याच्या पलीकडे असतो की अलीकडे, हेही दिसले नसते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वही उघडून त्या दिवसाचा सूर्यास्त टिपला.

सुटी संपली. वर्ग भरला. गुरुजी किंचित लंगडतच आत आले. मुले अधीर झाली होती. "गुरुजी, शिखरावरून काय दिसते?" सर्वांनी एकदम विचारले.

"ते मला ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "मी शिखरावर पोहोचलो नाही."

वर्ग शांत झाला. गुरुजींनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन उभ्या रेषा काढल्या. एकीवर ७४ लिहिले, दुसरीवर ९३. "नोव्हेंबरच्या मध्यास साताऱ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सॅडल शिखराच्या पायथ्याशी केव्हा मावळेल?"

मुलांनी वह्या उघडल्या. पहिला हात वर झाला : "पावणेपाच वाजता!"

"प्रत्यक्षात आम्हांला पाच-सहा मिनिटे जास्त मिळाली," गुरुजी म्हणाले. "अंदमान साताऱ्याच्या दक्षिणेस आहे, हिवाळ्यात दक्षिणेकडचा दिवस थोडा मोठा असतो. पण तुमचे उत्तर बरोबर आहे." मग ते क्षणभर थांबले. "हे गणित मी वीस वर्षे शिकवीत आलो. डोंगरावर जेव्हा ते खरोखरच सोडवावयाची वेळ आली, तेव्हा मी चुकलो. बाईंनी ते सोडविले, कारण त्यांनी सूर्याकडे पाहिले होते. तुम्हीही आज घरी जाताना सूर्य केव्हा मावळतो ते पाहा, आणि वहीत टिपून ठेवा."

त्या दिवशी संध्याकाळी सातवीचा सारा वर्ग मैदानाच्या पश्चिमेच्या कुंपणाशी उभा होता. खेळ थांबला होता. प्रत्येकाच्या हातात वही होती.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) अंदमानची बेटे कशी निर्माण झाली आहेत?
(आ) वाटाड्याने आदल्या दिवशी कोणती अट घातली?
(इ) अंदमानच्या जंगलात वाघ का आढळत नाही?

२. कारणे सांगा :
(अ) वर्षावनातील वृक्षांची मुळे खोल न जाता पसरतात.
(आ) दमट हवेत चढताना मनुष्य लवकर थकतो.
(इ) ओढा ओलांडताना वाटाड्याने रुंद जागा निवडली.

३. "साताऱ्याचा की इथला?" हे वाक्य कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी म्हटले? त्याचा परिणाम काय झाला?

४. "शिखर कुठे जात नाही, मास्टरजी," या वाक्याचा तुम्हांला समजलेला अर्थ पाच-सहा ओळींत लिहा.

५. वाक्यांत उपयोग करा : काठावर येऊन बुडणे, श्वास फुलणे, नाद सोडणे, पल्ला काटणे.

६. उपक्रम : एक आठवडा रोज तुमच्या गावातील सूर्यास्ताची वेळ वहीत नोंदवा. तुमच्या गावाचा रेखांश नकाशात शोधा आणि उत्तर अंदमानात त्या दिवशी सूर्य केव्हा मावळला असेल ते गणिताने काढा.